मैदानावर नेमके काय घडते?



पावसाळा लागला की आमच्या पॅरिश ऑफिसात दोन प्रकारची गर्दी होते. पहिली शाळा-कॉलेजच्या प्रवेशासाठी शिफारसपत्र मागणाऱ्यांची. ती लवकर ओसरते. दुसरी त्यानंतरची, शालेय क्रीडा स्पर्धांचे फॉर्म भरण्यासाठी कागदपत्रे गोळा करणाऱ्यांची. गेल्या वर्षी अशाच एका दुपारी आपल्याच धर्मग्रामातले एक वडील आले. (हे त्यांच्या परवानगीनेच लिहीत आहोत. नाव कोणी विचारू नये.) मुलगा फुटबॉल चांगला खेळतो, बाप्तिस्म्याचा दाखला हवा होता. आम्ही नोंदवही काढली, दाखला लिहायला घेतला. तेव्हा खुर्ची पुढे ओढून ते हळूच म्हणाले, "फादर, जन्मतारखेत तेवढं एक वर्ष पुढचं टाकून द्या ना."

"कशासाठी?"

"चौदाच्या आतल्या टीममध्ये बसते मग. तीन महिन्यांनी हुकलं पोरगं. कोचसरच म्हणाले, कुठून तरी आधार आणा, शाळेतली तारीख दुरुस्त करून घेऊ. सगळेच करून राहिले, फादर."

आम्ही नाही म्हणालो. ते रागावले नाहीत. पण दाराशी थांबून म्हणाले, "खेळानं पोरगं घडते, असं तुम्हीच तर सांगता प्रवचनात. आता खेळायलाच नाही भेटलं तर घडणार कसं?"

या प्रश्नाला आमच्याकडे त्या दिवशी उत्तर नव्हते. या वेळच्या अभ्यासलेखाचा विषय त्यातूनच निघाला. खेळाने चारित्र्य घडते असे आपण सगळेच म्हणतो. शाळेच्या वार्षिक क्रीडादिनी प्रमुख पाहुणे म्हणतात, आम्हीही म्हणतो. ते खरे आहे का?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटल वाचावा लागतो. चारित्र्यासाठी असलेला ग्रीक शब्द आणि सवयीसाठी असलेला ग्रीक शब्द हे जवळजवळ एकच आहेत, एका स्वराचा काय तो फरक, हे त्याने नीतिशास्त्रावरील आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे. वीणा वाजवून माणूस वीणावादक होतो, घरे बांधून गवंडी होतो, तसाच न्यायाची कृत्ये करून करून न्यायी होतो, असे त्याचे म्हणणे. आपण सहसा इथेच थांबतो आणि टाळ्या वाजवतो. पण तो पुढेही बोलतो. वाईट वाजवूनही माणूस वादकच होतो, फक्त वाईट वादक. वाईट घरे बांधून वाईट गवंडी होतो. म्हणूनच शिकवणाऱ्याची गरज असते.

आता हे मैदानाला लावून पाहा. धक्का लागलेला नसताना पेनल्टीसाठी पडायचे, चेंडू बॅटला लागला नाही हे ठाऊक असूनही घसा फोडून अपील करायचे, पंचाची पाठ वळली की जर्सी ओढायची, या गोष्टी आठवड्यातून पाच दिवस केल्या तर त्यांचीही सवय होते आणि सवयीचेच पुढे चारित्र्य होते. म्हणजे मैदानावर चारित्र्य घडते हे खरेच, पण कोणते घडेल याची हमी मैदान देत नाही. तिथे जे रोज केले जाते आणि ज्याला शाबासकी मिळते, ते घडते. शाबासकी देणारा असतो कोच. मुले त्याचे भाषण फार ऐकत नाहीत. तो कशावर खूश होतो आणि कशाकडे काणाडोळा करतो, हे मात्र त्यांना अचूक कळते.

यासाठी उदाहरण लांबून आणायची गरज नाही. आपल्या नागपुरातच आहे. विजय बारसे हे हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक होते. या शतकाच्या अगदी सुरुवातीची गोष्ट. भर पावसात झोपडपट्टीतली काही मुले एक फुटकी बादली लाथाडत खेळताना त्यांना दिसली. त्यांनी त्या मुलांना फुटबॉल दिला. २००१ साली त्यांनी केवळ झोपडपट्टीतल्या मुलांसाठी स्पर्धा भरवली, तिला १२८ संघ आले. त्यातूनच 'स्लम सॉकर' उभे राहिले. निवृत्तीच्या वेळी मिळालेला पैसा बारसे सरांनी शहराबाहेर मैदानासाठी जमीन घेण्यात घातला. पुढे २०१६ साली या संस्थेला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला आणि २०२२ साली नागराज मंजुळे यांचा 'झुंड' हा चित्रपट आला. तो आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला आहे. चित्रपटात अमिताभ बच्चन होते, त्यामुळे लोकांच्या लक्षात अमिताभ बच्चन राहिले. ते चालायचेच.

आमचे लक्ष आहे ते वेगळ्या गोष्टीकडे. त्या पहिल्या दिवशी सरांनी मुलांना व्यसनाबद्दल किंवा चोरीमारीबद्दल प्रवचन दिल्याचे कोणी सांगत नाही. आम्ही असतो तर दिले असते. त्यांनी चेंडू दिला आणि खेळ पाहिला. लहानपणी गुन्हेगारीच्या वाटेला लागलेला, याच मैदानांवर वाढलेला अखिलेश पॉल २०१० साली रिओ दि जानेरो येथे होमलेस वर्ल्ड कपमध्ये भारताच्या संघाचा कर्णधार होता, आणि पुढे स्वतः कोच झाला. आपली कहाणी त्याने दूरदर्शनवर, 'सत्यमेव जयते'मध्ये, सर्वांसमोर सांगितली आहे. एक मूल सुधारले म्हणजे पद्धत सिद्ध झाली असे आम्ही म्हणणार नाही. पण त्याला कोच करण्यापर्यंत कोणीतरी त्याच्यावर विश्वास टाकला, एवढे त्यातून नक्की दिसते.

स्लम सॉकरच्या मैदानांवर फुटबॉलचा आणखी एक प्रकार खेळला जातो, तो शाळांतल्या कोचसरांनी जरूर समजून घ्यावा. त्याचे तीन भाग असतात. पहिल्या भागात दोन्ही संघ, मुलगे आणि मुली मिळून, वर्तुळात बसतात आणि आजच्या सामन्याचे नियम आपसांत ठरवतात. उदाहरणार्थ, पडलेल्याला हात देऊन उठवायचे, गोल झाला की दोन्ही संघांनी टाळी द्यायची. दुसऱ्या भागात खेळ, पंचाशिवाय. फाउल झाला तर ज्याने केला त्याने हात वर करायचा. बाहेर एक मध्यस्थ असतो, तो शिट्टी वाजवत नाही, फक्त पाहतो. तिसऱ्या भागात पुन्हा वर्तुळ: ठरवलेले नियम आपण पाळले का? मग प्रत्येक संघ दुसऱ्याला सचोटीचे गुण देतो आणि ते गुण गोलांच्या गुणांत मिळवले जातात. गोल जास्त करूनही सामना हरता येतो!

या प्रकाराचा उगम कोलंबियातल्या मेडेलिन शहरात आहे. १९९४ च्या विश्वचषकात आंद्रेस एस्कोबार या खेळाडूकडून अमेरिकेविरुद्ध स्वतःच्याच संघावर गोल झाला. मायदेशी परतल्यावर २ जुलै १९९४ रोजी त्याच शहरात त्याला गोळ्या घालून मारण्यात आले. खेळाने आपोआप माणसे चांगली होत असती तर फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या त्या देशात असे झालेच नसते. त्या खुनानंतर तिथल्या वस्त्यांतल्या तरुणांना एकत्र आणण्यासाठी ही पद्धत निघाली. आमच्या मते तिचे मर्म हात वर करण्यात आहे. आपण चुकलो हे कोणी पकडण्यापूर्वी स्वतः सांगण्याची सवय चौदाव्या वर्षी लागली तर चाळिसाव्या वर्षी प्रायश्चित्त संस्काराच्या रांगेत उभे राहताना पाय जड होणार नाहीत, हे जाता जाता.

दुसरे उदाहरण मुंबईचे, आणि ते बरेच गुंतागुंतीचे आहे. रमाकांत आचरेकर सर. शारदाश्रम विद्यामंदिरचे, शिवाजी पार्कचे. स्टंपवर एक रुपयाचे नाणे ठेवायचे, जो गोलंदाज सचिनला बाद करील त्याचे ते नाणे, नाबाद राहिला तर सचिनचे. अशी तेरा नाणी तेंडुलकरने जपून ठेवली आहेत. हे सर्वांना ठाऊक असते. दुसरी गोष्टही सचिनने स्वतःच सांगितली आहे. सरांनी त्याच्यासाठी सराव सामना ठरवला होता, तो चुकवून सचिन शाळेच्या मोठ्या संघाचा सामना पाहायला वानखेडेवर गेला. सरांनी त्याला कानाखाली लगावली आणि सुनावले की दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवायला येऊ नकोस, लोक तुझ्यासाठी टाळ्या वाजवायला येतील असा खेळ.

ही गोष्ट सांगून आजही काही कोच मुलांवर हात उगारतात. "आचरेकर सरांनी मारले म्हणून सचिन झाला!" हा तर्क लंगडा आहे. त्याच काळात शेकडो मुलांनी शेकडो कोचांचा मार खाल्ला, ती कुठे आहेत? त्या गोष्टीतला कस थपडेत नाही. कस यात आहे की सरांनी त्या पोरासाठी आधी सामना ठरवला होता, त्याची फलंदाजीची जागा ठरवली होती आणि तो आला नाही हे त्यांच्या ध्यानात होते. या मैदानावरून त्या मैदानावर सर त्याला आपल्या स्कूटरवर बसवून नेत. इतके ज्याने दिले त्याचे रागावणे मुलाला पुरले असते, हाताची गरज नव्हती. आणि आज तर प्रश्नच नाही: शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम १७ नुसार शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई आहे. 'मानसिक छळ' या शब्दांत सर्वांसमोर केलेली मानहानीही येते, हे क्रीडाशिक्षकांनी वाचावे. मुलांचा कोच त्यांना एकेकटे कुठे बोलावतो, परगावी सामन्याला गेल्यावर रात्री त्यांच्याजवळ कोण असते, मुलींच्या संघाबरोबर शिक्षिका आहे की नाही, हे विचारण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे. विचारताना संकोच करू नये.

आता फेब्रुवारी १९८८. हॅरिस शिल्डचा उपांत्य सामना, शारदाश्रम विरुद्ध सेंट झेवियर्स. सचिन नाबाद ३२६, विनोद कांबळी नाबाद ३४९, भागीदारी ६६४ धावांची. सचिन तेव्हा चौदा वर्षांचा होता. डाव घोषित करा, असा निरोप बाहेरून येत होता. दोघे तिकडे बघतच नव्हते, ही हकिकत नंतर त्यांनीच सांगितली. जेवणाच्या सुट्टीत आचरेकर सरांशी फोनवर बोलणे झाले, सरांनी डाव घोषित करायला सांगितले. कांबळीला साडेतीनशेला एकच धाव हवी होती. ती मिळाली नाही. ७४८ वर २ बाद, डाव घोषित. त्याच कांबळीने मग गोलंदाजीत ३७ धावांत ६ बळी घेतले आणि झेवियर्सचा डाव १४५ वर संपला. (जेझुइट फादरांच्या शाळेची ही अवस्था आम्ही आनंदाने सांगत नाही.) विक्रमांच्या पुस्तकात ६६४ आहे. ती न मिळालेली एक धाव कुठल्या पुस्तकात मोजायची? कोचने त्या दिवशी दोन मुलांना नाराज केले आणि संघाला सामना जिंकण्यासाठी वेळ दिला.

पण त्या दिवसाचा आमचा खेळाडू तिसराच आहे. ती भागीदारी चालू असताना पुढचा फलंदाज पॅड बांधून बसून होता. दोन दिवस. त्याची पाळी आलीच नाही. त्याचे नाव अमोल मुझुमदार. मुंबईकडून रणजी पदार्पणातच त्याने २६० धावा केल्या, पुढे प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा जमवल्या, मुंबईचा कर्णधार म्हणून रणजी करंडक जिंकला, आणि भारताकडून एकही कसोटी किंवा एकदिवसीय सामना त्याच्या वाट्याला आला नाही. २०२३ साली तो भारताच्या महिला संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला तेव्हा तो सीमारेषेबाहेर होता. पॅड बांधून बसण्याने त्याला काय शिकवले ते त्याचे त्यालाच माहीत. आम्ही तेवढेच म्हणू की राखीव खेळाडूंच्या बाकावर बसलेल्या मुलाकडे पालक आणि कोच ज्या नजरेने पाहतात, ती नजर बदलायला हरकत नाही.

इथपर्यंत दुसऱ्यांचे सांगितले. आता आमचे. बऱ्याच वर्षांपूर्वी, या धर्मग्रामात येण्याच्या आधी, आम्ही एका शाळेत व्यवस्थापक होतो. शाळेचे नाव इथे देत नाही. चौदा वर्षांखालील फुटबॉल संघात एक गोलरक्षक होता. त्याच्या ओठावर मिशी फुटू लागली होती. फॉर्मवर सही करताना आम्ही तारीख पाहिली, मुलाकडे पाहिले आणि सही केली. क्रीडाशिक्षकांना काही विचारले नाही, कारण उत्तर काय येईल ते माहीत होते. संघ जिल्ह्यात पहिला आला. ढाल ऑफिसात काचेच्या कपाटात ठेवली. विभागीय फेरीत दुसऱ्या संघाने हरकत घेतली, कागद तपासले गेले आणि आमचा अख्खा संघ बाद झाला. पंधरा मुले बसमध्ये न बोलता परत आली. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी क्रीडाशिक्षकांनी सर्वांदेखत सांगितले की या मुलाच्या घरच्यांनी खोटा कागद आणला. आम्ही शेजारीच उभे होतो. बोललो नाही. तो मुलगा त्यानंतर मैदानावर दिसला नाही.

काही वर्षांनी तो नागपूर स्टेशनवर भेटला. नोकरीला लागला होता. पाया पडला, चहा पाजला. गाडीची वेळ झाली तेव्हा म्हणाला, "फादर, तुम्हाला माहीत होतं ना?" आम्ही हो म्हणालो. एवढेच बोलणे झाले.

करिंथच्या ख्रिस्ती लोकांना लिहिताना संत पौल धावण्याच्या शर्यतीचा आणि मुष्टियुद्धाचा दाखला देतो. त्या शहराजवळच दर दोन वर्षांनी इस्थमसचे खेळ भरत, वाचणाऱ्यांना ते पाहून माहीत होते. विजेत्याला मिळणारा पानांचा मुकुट सुकून जातो, हे आपण प्रवचनात नेहमी सांगतो. त्या उताऱ्याच्या शेवटी पौल स्वतःविषयी एक भीती बोलून दाखवतो, ती सांगायची आमच्याकडून राहून जाते: इतरांना स्पर्धेला बोलावून आपणच बाद ठरू नये, ही. स्टेशनवरच्या त्या चहानंतर आम्हाला तो उतारा नीट कळला.

शाळेतल्या कोचांवर सगळे खापर फोडणे मात्र अन्यायाचे होईल. त्यांची नोकरी बहुधा ढालींवर मोजली जाते. संस्था ढाली मागते, पालक दहावी-बारावीचे क्रीडागुण मागतात आणि मग चौदा वर्षांच्या मुलांचा कोच तेच करतो ज्याचे त्याला पैसे मिळतात. शनिवारी सामना पाहायला जा आणि सीमारेषेवरचे आईबाप ऐका. "अरे पाड ना त्याला!" हे वाक्य आम्ही आपल्याच एका गायनमंडळातल्या सभासदाच्या तोंडून ऐकले आहे. रविवारी त्यांचा आवाज फार गोड लागतो.

डॉन बॉस्कोने ट्युरिनमध्ये १८४१ पासून रस्त्यावरच्या मुलांसाठी काम सुरू केले, तेव्हा त्याचा शिक्षकांना एकच आग्रह होता: मुले खेळतात तेव्हा त्यांच्यात असा. लांब उभे राहून पहारा करू नका. त्याने आपल्या संघाला नाव दिले ते फ्रान्सिस दि सेल्सचे, ज्याच्या सौम्यपणाची ख्याती होती आणि ज्याच्या नावाचे कॅथेड्रल आपल्या नागपुरात आहे. सौम्य असणे म्हणजे सैल असणे नव्हे. सरावाला उशिरा आलेला मुलगा, मग तो संघाचा सर्वांत चांगला खेळाडू का असेना, पहिल्या अर्ध्या वेळात बाहेर बसतो, हे एक आवाजही न चढवता करता येते. कर्णधार कोणाला करायचे याचाही कोचसरांनी विचार करावा. बहुतेक ठिकाणी सर्वांत जास्त गोल करणारा तो कर्णधार. आमच्या पाहण्यात एक शिक्षक होते, ते पहिला महिनाभर कोणालाच कर्णधार करत नसत. सराव संपल्यावर न सांगता शंकू गोळा करून चेंडूंची जाळी खांद्यावर कोण घेतो, हे ते बघत. त्यांचे संघ नेहमी जिंकत असे नाही. पण त्यांची मुले आपसांत भांडल्याचे आठवत नाही.

दहावीच्या पालकांसाठी एक गोष्ट सांगायची राहिली, कारण तीही तक्रार आमच्याकडे येते की पोराचे खेळणे बंद करा, फादर, तुमचे ऐकेल. संत थॉमस अक्वायनसने आपल्या महाग्रंथात खेळात सद्गुण असू शकतो का, असा रीतसर प्रश्न घेतला आहे आणि उत्तर दिले आहे, असू शकतो. सतत ताणलेले धनुष्य मोडते, ही संत योहानाची जुनी कथाही तो तिथे सांगतो. शिवाय, स्वतः न रमणारा आणि इतरांच्या रमण्यात अडथळा आणणारा माणूस दोषी आहे, असेही त्याचे मत. पुढच्या वेळी तक्रार घेऊन येताना हे लक्षात असू द्यावे.

आता त्या वडिलांचे. ते दोन आठवड्यांनी परत आले आणि खऱ्या तारखेचा दाखला घेऊन गेले. आम्ही त्यांना स्टेशनवरची गोष्ट सांगितली. ते काही बोलले नाहीत. मुलगा सतरा वर्षांखालील संघात गेला, सगळ्यांत लहान, खांद्यालाही न पुरणारा. पहिले तीन सामने बाकावर होता. चौथ्या सामन्याला आम्ही गेलो. संघ दोन गोलांनी मागे होता. शेवटची आठ मिनिटे राहिली तेव्हा त्याला आत पाठवले. चेंडू त्याच्याकडे दोनदा आला. पहिल्यांदा एका थोराड मुलाने सहज काढून घेतला. दुसऱ्यांदा त्याने तो उजवीकडे धावणाऱ्या सोबत्याला नीट दिला. सामना संपल्यावर तो चेंडूंची जाळी ओढत येत होता. वडील पाण्याची बाटली घेऊन उभे होते. आम्हाला पाहून म्हणाले, "दुसरा पास पाहिला का, फादर?"

पाहिला होता.